टाकी कोमट लागते

मी एक जुनी टाकी आहे आणि मला भंगारात काढलं आहे. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. तसं काही घडलेलं नाही. मी एका रुग्णालयाच्या तीनचाकी गाडीत, सीटखाली मजेत आहे.

माझ्या पोटात धातूची भुकटी आहे. दोन धातू एकत्र वितळवून, थंड करून, कुटून ती केली. हायड्रोजन वायू तिच्यात असा मुरतो, की भरलेली मी आणि रिकामी मी यांच्या वजनात दोन लिंबांइतकाच फरक. एवढा वायू जातो कुठे, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पोट माझंच असूनही. वायू आत घेताना मी तापते, सोडताना गारठते. फार गारठले, की उरलेला वायू बाहेर यायला तयार नसतो. मग मला ऊब द्यावी लागते.

मला घडवणाऱ्या ताईला ही भुकटी जमवायला तीन वर्षं लागली. माझ्या वायूवर वीज होते, विजेवर गाडी पळते. गाडी चालवायला ताईने आपले सासरे निवडले, कारण ते सावकाश चालवतात आणि सुनेला नाही म्हणत नाहीत.

धुतलेल्या चादरी चढावरच्या वॉर्डांत पोचवायच्या, हे आमचं काम. गाडी चढावर दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा पडली तर ताईचं कामच बंद, असं रुग्णालयाच्या समितीने कळवलं.

पुढच्या फेरीआधी ताईने सीट उचलली.

“बाबा, टाकीला हे काय गुंडाळलंय?”

“ओला टॉवेल. रोज बदलतो. वायू आहे बाई, तापला तर आपण दोघं बातमीत येऊ.”

“अहो, ती गार पडली की वायू सोडतच नाही. म्हणून तर गाडी थांबत होती.”

“मग आधी सांगायचंस. थंडीत मीही पांघरूण सोडत नाही. तुझ्या सासूला विचार.”

ताईने टॉवेल काढला आणि वीज करणाऱ्या यंत्राचं गरम पाणी नळीने माझ्याभोवती फिरवलं. आम्ही चढलो. सगळ्या चादरींसह, एकदाही न थांबता.

वर समिती उभी होती. अध्यक्षांनी वाकून मला हात लावला.

“कोमट लागतेय.”

“कोमटच हवी, साहेब,” ताई म्हणाली.

“वायूची टाकी, आणि कोमट?” त्यांनी कागदावर लिहून शिक्का मारला: टाकी तापते. धोका. भंगार.

बाबा शांतपणे म्हणाले, “साहेब, हीच चूक मी दोन महिने केली. फक्त माझ्याकडे शिक्का नव्हता.”

मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायची तर आधी त्याला काय सोसतं ते विचारा. आपल्याला कशाची भीती वाटते, ते नंतर.

तरी माननीय समितीस विनंती, की सदर निर्णय रद्द करून मला गाडीस पुन्हा जोडावे. ते शक्य नसल्यास सर्व सदस्यांनी एकमेकांच्या कपाळाला हात लावून पाहावा, आणि जे जे कोमट लागतील त्यांना त्याच नियमाने भंगारात माझ्याशेजारी पाठवावे. कळावे.