बिबट्याची उडी

डिंगोऱ्याच्या यात्रेत यंदा दिवे लावलेल्या ड्रोनचा बिबट्या उडवायचा, हे खूळ माझंच. पुण्यात मी हेच काम करते, मग आपल्या गावाला का नाही? शोभेची दारू उडवणार मात्र आबा, म्हणजे माझे वडील. आमच्या घराचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा मान, त्यात तोंड घालायची माझी काय टाप!

म्हणून दोन्ही एकत्र बसवलं. ड्रोनची हालचाल एका सॉफ्टवेअरमध्ये आखली, ती फाइल आतषबाजीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेली आणि कुठला गोळा कधी, कुठे फुटेल ते जुळवलं. गोळ्यांच्या नळ्या शाळेमागे, बिबट्या टेकडीच्या बाजूला. शेवटी तो झेप घेऊन टेकडीवरच्या खडकालगत उतरणार. तिकडे कुणी नसणार होतं. पडद्यावर एकही गोळा ड्रोनच्या वाटेत येत नव्हता, म्हणून मी भलतीच खूश होते.

अंधार पडला आणि खेळ सुरू झाला. बिबट्या आकाशात उभा राहिला, तशा शिट्ट्यांवर शिट्ट्या. मग पहिला गोळा सुटला. तो शाळेमागून नाही, टेकडीवरून सुटला होता.

शेजारी माझे चुलते चिमाजीनाना मान वर करून बघत उभे होते.

"नाना, नळ्या कुणी हलवल्या?"

"तुझ्या आबानंच. दिस मावळायच्या आत ट्रॅक्टरमधी घालून वर नेल्या. अगं, मानाची दारू मानाच्या खडकावरूनच उडती. शाळंमागून कदी उडालीय का?"

"आणि आबा?"

"तितंच की, नळ्यांपाशी."

गोळे घड्याळाबरहुकूम आपोआप सुटत होते आणि ते थांबवायची किल्ली आबांकडे. फोन लागेना, सगळी यात्रा व्हिडिओ पाठवत होती. उडीच्या वेळी शेवटचे गोळे एकदम सुटायचे होते. ड्रोन खाली येणार, गोळे त्यांच्यातूनच वर जाणार आणि पेटत्या बॅटऱ्या आबांच्या डोक्यावर पडणार! मला रडूच यायला लागलं. वर बिबट्यानं मागचे पाय दुमडले. माझ्या हातात फक्त ड्रोन होते. मी ते परत बोलावले.

बिबट्या विस्कटला. दिवे मुकाट्यानं, जिथून उडाले होते त्या शेताकडे वळले. "आरं, बिबट्या पळाला राव!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. तेवढ्यात टेकडीवरचे सगळे गोळे धडाधड सुटले आणि रिकाम्या आकाशात फुटले.

आबा खाली आले ते छाती फुगवूनच. माझं तोंड बघून त्यांनी पाठीवर हात ठेवला.

"व्हतं असं, हर्षाली. लोकांचं काय, हसत्यात. फुडच्या साली नीट उडव. मी खडकावं हायेच."

म्हणजे पुढच्या वर्षीही खडकावरच! मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. सॉफ्टवेअरमध्ये नळ्या खडकावर नेल्या आणि ठरलेला सगळा खेळ पहिल्यापासून चालवला. जिथे गोळा ड्रोनला धडकेल, तिथे लाल खूण येते. बिबट्यानं उडी घेतली आणि खडकाच्या वर लालच लाल झालं.

"यात मी कुठं व्हतो?"

मी त्या लाल खुणांच्या बरोबर खाली बोट ठेवलं.

आबा भुईवरच बसले.

"तुझ्या आईला सांगू नगंस," ते म्हणाले आणि माझा हात काही केल्या सोडेनात.