टोक सोडा, भाऊजी

गोदामाचा स्लॅब कोसळून धाकटा दीर खाली अडकला, हे कळल्यावर वहिनीच्या मनात आलेला पहिला विचार चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. दुसरा विचार असा, की आता कंपनीला ढिगाऱ्यात शिरणारी नळी लागणार, ती चालवायला तिथे भाऊजींशिवाय कुणी नाही, आणि भाऊजीच खाली अडकलेत; म्हणजे आपल्यालाच बोलावणार. झालंही तसंच. कंपनीच्या साहेबांची गाडी तिच्या दारात येऊन उभी राहिली.

नळी तिची. पातळ नायलॉनची, आतल्या आत उलटी भरलेली. हवा सोडली की शर्टाची उलटी बाही सुलट करावी तसं आतलं कापड टोकातून बाहेर येतं आणि नळी वाढत जाते. ती कुठे घासत नाही, म्हणून ढिगाऱ्याच्या फटीतूनही वाट काढते. तिच्या शिवणी जमवताना वहिनीने रक्ताचं पाणी केलं होतं. भाऊजींनी ती कंपनीत स्वतःची म्हणून दाखवली आणि विभागप्रमुख झाले. आयत्या बिळावर नागोबा! वर सत्काराच्या भाषणात म्हणाले, "आमच्या वहिनींचीही मदत झाली हं. शिवणकाम त्यांचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, घरातली गोष्ट घरातच राहू दे. ती राहिली, आणि आत कुजत गेली.

आता नागोबा खरोखरच बिळात अडकला होता. सगळी कंपनी भोवती उभी होती. वहिनीने झडप उघडली. नळी फुसफुसत फटीत शिरली. तिच्या पोटात पाण्याची बारीक ट्यूब होती, टोकावर माइक आणि स्पीकर. थोड्या वेळाने वरच्या कर्ण्यातून खोकला ऐकू आला.

"पाणी... पाणी द्या कुणीतरी!"

"येतंय, भाऊजी. नळी तोंडापर्यंत वाढू द्या."

पण भाऊजींनी टोकच मुठीत आवळलं. दाबाचा काटा सरसर चढला. टोक धरलं तर आतलं कापड बाहेर येणार कुठून? शिवण फाटायचीच. ही नळी बनवणारा माणूस झोपेतसुद्धा तिचं टोक धरणार नाही.

"टोक सोडा."

"अहो, ओढतोय ना मी! येत का नाही?"

साहेब चमकले. "ओढतोय? यांनीच बनवलीय ना ही?"

वहिनीने झडप बंद केली. तिला फार बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

"साहेब विचारतायत, भाऊजी. नळी कुणी बनवली?"

"वहिनी, जीव चाललाय माझा!"

"म्हणूनच आत्ता विचारतेय. खोटं बोलण्याइतका ओलावा नाही तुमच्या घशात."

कर्ण्यातून पुन्हा खोकला आला.

"तुम्ही. सगळी तुम्हीच."

"जरा मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"वहिनींनी बनवली!" भाऊजी रडत ओरडले. "मी चोरली!"

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खाली मूठ सुटली, काटा उतरला. वहिनीने झडप अगदी हळू उघडली.

"लवकर करा हो, वहिनी..."

"दम धरा," ती म्हणाली. "शिवणकाम आहे. वेळ लागतो."