उरलेल्या गोळ्या

आई अचानक प्रेमाने बोलायला लागली तेव्हा थोरलीला आधी झालं ते सुख. काळजी मागाहून आली.

धाकटी गेल्यापासून आईने तिच्याशी अबोलाच धरला होता. जेवायला ये, दार लाव, एवढ्यावर सगळा कारभार. धाकटीला लघवीला जळजळ होत होती आणि थोरलीने आपल्या जुन्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या तिला दिल्या होत्या. औषध टाकून द्यायचं म्हटलं की या घरात सगळ्यांच्याच जिवावर यायचं. बरं वाटलं की गोळ्या बंद, उरलेल्या बिस्किटाच्या डब्यात. जळजळ थांबली तशी धाकटीने तिला "डॉक्टरीणबाई" म्हणून चिडवलंही. मग हुडहुडी भरून ताप आला, पाठ ठणकायला लागली. इन्फेक्शन मूत्रपिंडातून रक्तात पोचलं होतं. हॉस्पिटलात नेलं, पण उशीर व्हायचा तो झालाच.

आणि आता तीच आई शिलाई मशीनशेजारी बसून म्हणत होती, "धाकटे, ये गं, वेण्या घालून देते."

थोरली मुकाट्याने तिच्या पुढ्यात जाऊन बसली. आईने दोन वेण्या घातल्या, चांगल्या घट्ट. मान अवघडली तरी ती हलली नाही.

"थोरलीवर रागवू नकोस हं," आई म्हणाली. "तिचा फार जीव तुझ्यावर. मीच मेली तोंड शिवून बसले."

"मग तिला सांग ना तसं."

"सांगेन की. बाहेरून आली की सांगते."

संध्याकाळी मात्र आईला घरातलं न्हाणीघर सापडेना. सारखी उठत होती, कपडे ओले करत होती, आणि लघवीला उग्र वास होता. थोरलीने रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी ओटीपोट दाबलं तशी आई कळवळली. त्यांनी साखर तपासली, लघवीत पट्टी बुडवून पाहिली, नमुना कल्चरला पाठवला.

"मूत्राशयाचं इन्फेक्शन आहे. या वयात कधीकधी असा गोंधळ उडतो. पाणी पाजा, गोळ्या द्या, डोकं ताळ्यावर येईल."

"म्हणजे आधीसारखी होईल?"

"अगदी आधीसारख्या!" डॉक्टर खुशीत म्हणाले. "फक्त बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका."

हे तिला सांगायची गरज नव्हती.

गोळीगणिक आई सावरत गेली, आणि तिची "धाकटे" ही हाक कमी होत गेली. थोरलीच्या मनात पाप आलं, नाही असं नाही. एखादी गोळी चुकवली तर? पण लगेच धाकटीचा तापलेला हात आठवायचा आणि ती पाण्याचा पेला भरायची. रडायची ती मशीनवर, पायडलच्या आवाजात.

शेवटची गोळी आईने स्वतः हातात घेतली. नजर स्वच्छ होती. ती थोरलीच्या वेण्यांवर येऊन थांबली. ढिल्या पडल्या होत्या, तरी थोरलीने त्या सोडल्या नव्हत्या.

"या कुणी घातल्या?"

"तू."

आईला कळलं. तिचा चेहरा पार उतरला.

"काय काय बोलले मी?"

"म्हणालीस, थोरली बाहेरून आली की तिला काहीतरी सांगायचंय."

थोरली वाट पाहत उभी राहिली. आईने गोळी गिळली, पेला खाली ठेवला.

"आठवत नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

थोरलीने गोळ्यांची रिकामी पट्टी उचलली आणि केरात टाकली. या वेळी एकही उरली नव्हती.