चकतीवरचं तेल

“क्रांते, त्या पुण्याच्या पोरीच्या सायकलची किरकिर घालवली बघ,” आबा हात पुसत म्हणाले. “लय वराडत हुती. दोन्ही चकत्यांवर दोन-दोन थेंब सोडलं, गप झाली.”

हातातला भाकरीचा डबा खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. त्या चकत्या म्हणजे सायकलचा ब्रेक. तिथे तेल लागलं की ब्रेक नुसता घसरतो. आबांनी, म्हणजे धोंडिराम मिस्त्रींनी, पाटणात तीस वर्षं काळ्या सायकली दुरुस्त केल्या. जे वाजेल त्याला तेल, एवढंच त्यांना ठाऊक. मी पुण्याला जाऊन दोन दिवस नव्या सायकलींचं काम शिकून आले, त्यांना बजावून सांगितलं; पण लेकीचं ऐकतील तर ते आबा कसले!

फोन लावला, तर वर पठारावर रेंज नाही. वल्लरी, ती मुलगी, सायकल पिकअपमध्ये टाकून कधीच वर गेली होती. तिथून ही माणसं सायकलवरून ज्या पायवाटेने खाली येतात, ती दरीच्या कडेकडेने उतरते. आबांना मागे बसवून मी स्कूटी काढली.

खरं सांगते, घाटात मला त्या मुलीच्या जिवाइतकीच दुकानाची काळजी वाटत होती, आणि त्याची लाजही वाटत होती. मोटारसायकली वाढल्या तसं आमचं दुकान मोडीत निघालं होतं. तीन वर्षांपूर्वी पुण्याचे सुमंतसर डोंगरात सायकल चालवणारी माणसं घेऊन येऊ लागले आणि दर रविवारी आमच्या दारात गर्दी व्हायला लागली. शेजारच्या भाऊसोच्या पिकअपला भाडं मिळालं, आळीतल्या बायकांच्या भाकरी खपल्या. आबा पुन्हा दाढी करून दुकानात बसायला लागले. हे सगळं सुमंतसरांच्या एका शब्दावर चाललं होतं.

“आबा, तेलाचं बोलू नका,” मी वाटेत म्हणाले. “नट ढिला राहिलाय म्हणू, आन सायकल काढून घिऊ.”

“गाडी हाण,” आबा म्हणाले.

पोचलो तेव्हा पुढचे दोघे सायकलवाले उतरायला लागले होते. वल्लरीचा एक पाय पेडलवर होता. स्कूटी थांबायच्या आतच आबांनी उडी टाकली, पडता पडता सावरले आणि तिचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. सुमंतसर धावत आले. मी नटाचं सांगायला सुरुवात केली.

“नट न्हाई,” आबा म्हणाले. “ब्रेकला तेल घातलंय मी. लेकीनं बजावलं हुतं, मी ऐकलं न्हाई. ताई, ही चालवू नगा. माजी चूक हाय.”

सरांनी चाक उचलून फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. वल्लरीने दरीकडे पाहिलं आणि हेल्मेट काढलं.

कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. पिकअप, भाकरी सगळं चालू राहील, पण पुढच्या रविवारपासून मेकॅनिक पुण्याहूनच आणू, असं सर शांतपणे म्हणाले. आबांनी मान हलवली. मला इतका राग आला, की कुणाचा ते कळेना.

वल्लरीला मी स्कूटीवर घेतलं. सायकल इथेच राहू द्या, पिकअप पुन्हा वर येऊन नेईल, असं सर म्हणाले. आबांनी ऐकलं नाही.

“गिऱ्हाइकाची हाय,” ते म्हणाले. “मी आणतो चालत.”

वळणावर मी मागे पाहिलं. सायकल उतारावर पुढे धावू बघत होती. आबा टाचा रोवून, सगळा भार मागे टाकून, तिला एकेक पाऊल खाली आणत होते.