शेवयांचं घरटं

सुलतानबीला केक करता येतो ही गोष्ट साऱ्या मेडशीला ठाऊक होती, आणि नसती तर तिनं स्वतःच सांगितली असती. तिचा नवरा निजामुद्दीन डाक बंगल्यावर खानसामा होता. साहेब लोकांसाठी तो पितळी गंजात केक भाजायचा. खाली निखारे, झाकणावर निखारे. तो अल्लाला प्यारा झाला, बंगल्याचा उंबरा सुटला, केक तेवढा सुलतानबीच्या हातात राहिला.

पण करायचा कुणासाठी? पोटचं मूल नव्हतं. होती ती भावाची पोर, मेहर. आई बाळंतपणात गेली तेव्हापासून आत्याच्या, तिच्या फुफीच्या, कुशीत वाढलेली. आणि आता भाऊ जमशेद अकोल्याहून तिला न्यायला आला होता. तिकडे त्यानं दुसरा निकाह केला होता, घर मांडलं होतं. बापच तो, नेणारच. नाही म्हणायला तोंड कुणाला आहे?

"आपा, उद्या सकाळच्या मोटरनं निघतो आमी," तो म्हणाला.

सुलतानबी "बरं" म्हणाली अन् चुलीपाशी जाऊन रडली. नवी आई, नवं शहर. पोर आपल्याला विसरेल, या एका भीतीनं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिला फक्त एवढंच हवं होतं, की मेहरनं कधीतरी परत यावं, स्वतःच्या ओढीनं यावं. मग तिला केक आठवला. असा करीन, की जन्मात विसरणार नाही! दुःखात माणसाचं डोकं कुठं धावेल, काही नेम नाही बुवा.

बापलेक दुपारी गावात निरोप घ्यायला गेले, तशी ती कामाला लागली. रवा, चाळलेली कणीक, लोणी, साखर, चिमूटभर सोडा, सगळं होतं. अंडी मात्र कमी पडली. कमी कसली, नव्हतीच. कोंबड्या होत्या तांड्यावरच्या रामीबाईकडे, अन् तांडा पडला लांब.

तशी घरात अंडी होती. चितरी कोंबडीची. मेहरनं ती एकेक करून कोंड्याच्या मडक्यात जपली होती, प्रत्येकावर कोळशाची खूण केली होती. चितरी खुडूक होऊन रिकाम्या टोपलीत पिसं फुगवून बसली होती. अंडी बसवायची तर गुरुवारी, दिवेलागणीला, बिस्मिल्ला म्हणून, ही त्या घरची रीत. म्हणून पोर गुरुवारची वाट पाहत होती, आणि आज गुरुवारच होता. सुलतानबीला हे सारं ठाऊक होतं. उगीच तिला भोळी म्हणू नका.

मडक्यापाशी ती जरा थबकली. "पोरगी तं चालली," ती पुटपुटली. "पिल्लाइले पाहाले कोन हाय आता? चितरी काय, पुन्हा घालते अंडे." तिनं कोळशाच्या खुणा धुतल्या अन् अंडी परातीच्या काठावर फोडली.

केक फुगला, काय फुगला! घरभर वास सुटला. तिनं तो ताटात उलटा केला अन् सजवायला बसली. ईदच्या उरलेल्या शेवया तुपात परतून वर गोल घरटं मांडलं. खव्यात पिठीसाखर मळून एक कोंबडी केली, तिला डाळिंबाच्या दाण्यांचा तुरा लावला. चिमूटभर हळदीनं पिवळी केलेली इवली इवली पिल्लं तिच्या पंखाशी बसवली. मोहरीचे डोळे, चारोळीच्या चोची. एक पिल्लू तर कोंबडीच्या पाठीवर चढवलं. स्वतःच्याच हातावर खूश होऊन सुलतानबी एकटीच हसली.

बापलेक परतले अन् मेहर ताटापुढे मटकन बसलीच. "या माय! फुफी, हे तं आपली चितरी हाय!"

"मंग! तुह्यासाठीच केली. काप."

"थांब नं. आधी अंडे बसवतो, मंग सगळे मिळून खाऊ." दिवा लागलाच होता. पोर पळत आत गेली.

आत कोंडा खाली सांडल्याचा आवाज झाला. मेहर रिकामं मडकं घेऊन दारात उभी राहिली. तिनं मडक्याकडे पाहिलं, मग केककडे पाहिलं.

"फुफी, यात टाकले?"

खोटं बोलावं असं सुलतानबीला फार वाटलं, पण जीभ उचलेना. तिनं होय म्हणून मान हलवली.

जमशेदनं कपाळाला हात लावला. "काय केलं आपा हे! काल राती तिनं माह्याकडून वचन घेतलं होतं. अंडे बसवतो, पिल्ले निघाले का मले फुफीकडं आनजा म्हने. दरवेळी पिल्ले निघाले का आनायचं. मी हो म्हनलो होतो. तुले सांगू नको म्हने, फुफी एकदम खूश होईन."

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं ते हेच. जी दोरी सुलतानबी वळायला बसली होती, ती पोरीनं आधीच वळून मडक्यात ठेवली होती, अन् हिनं ती स्वतःच्या हातानं तोडली.

"मी उद्याच रामीबाईचे अंडे आनतो, बाई. चितरीखाली बसवतो," सुलतानबी रडत म्हणाली.

मेहर वळणाची पोर, फुफीनं दिलेला तुकडा तिनं मुकाट्यानं खाल्ला. सकाळी मोटरीत बसताना सलाम केला, गळ्यातही पडली. पण 'येतो' म्हणाली नाही.

त्याच दिवशी सुलतानबी तांड्यावर जाऊन अंडी घेऊन आली. गुरुवार नव्हता, तरी बसवली. चितरीनं बिचारीनं परकी अंडी आपली म्हणून उबवली. पिल्लं निघाली, पिवळी, गुबगुबीत, अगदी खव्याच्या पिल्लांसारखी. सुलतानबीनं मोटरवाल्या रऊफला रस्त्यात गाठलं. "जमशेदच्या घरी सांगजो, पिल्ले निघाले म्हना. मेहरले धाडा."

रऊफ परतीच्या खेपेला थांबला, पण खाली उतरला नाही.

"सांगितलं चाची. जमशेदभाई तयार होते. पोरगीच नाई म्हने."

"काहून? काय म्हने?"

रऊफनं नजर चुकवली. "म्हने, फुफीले सांगा, पिल्ले तं आमी खाल्ले."

मोटर गेली. अंगणात चितरी पिल्लांना हाका मारत होती. सुलतानबीनं मूठभर कण्या आणल्या अन् त्यांच्यापुढे टाकल्या.