वाचकांचं पान

'मंगळावरचा बंब' ही टीव्हीवरची कार्टून मालिका. तिच्या कॉमिकचे मराठी अंक मी रोह्यात घरी बसून लिहितो. मंगळावर खाणावळ चालवणारा, न्हाणीतला पाणी तापवायचा एक तापट बंब आणि त्याचे विनोद. शेवटचं पान वाचकांच्या पत्रांचं. पत्र एकही येत नाही, तरी संपादकांना ते पान भरलेलं हवं असतं. मग मीच लिहितो. निडीचा मोरू तक्रार करतो, पेणची ऋतुजा त्याला झापते, हमरापूरचा कान्हू दोघांना हसतो. तीन वर्षं हे भांडण चालू आहे. खरं सांगायचं तर माझ्या घरात तेवढाच काय तो आवाज.

परवा संपादकांनी एक पाकीट पाठवलं. खरं पत्र! वाटलं, बंबाचं कौतुक असणार. फोडलं तर डोलवीच्या कुणा नम्रताने लिहिलं होतं:

"तुमचा बंब काय मला हसवत नाय. पण शेवटचं पान मी दर महिन्याला वाचते. मोरू जेवताना अंक वाचतो, ऋतुजा जेवताना वाचते, कान्हूपण तसाच. कोणाच्या ताटाशेजारी दुसरं ताट नाय. मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वाढते, असा माणूस मला लांबून कळतो. हे तिघं एकच हायत ना? त्याला विचारा, जेवला का म्हणून."

मला रागच आला. म्हणे जेवला का! तिथल्या तिथे उत्तर खरडायला कागद ओढला, तर ताटाला धक्का लागला आणि तांब्याला टेकवून उभा ठेवलेला अंक आमटीत पडला.