नूरैनच्या पेशी

श्वेता ओमानमधल्या अल खौदच्या एका प्रयोगशाळेत संशोधक होती. काही औषधं पेशीच्या बाहेरच अडकतात, आत शिरत नाहीत. म्हणून ती औषधी प्रथिन द्रवाच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरून पेशींत पोचवू पाहत होती. पेशी होत्या जवळच्याच सीब गावातल्या नूरैनच्या. त्या सात वर्षांच्या मुलीच्या शरीरात ते प्रथिन जन्मापासून तयारच होत नव्हतं. तिच्या दंडाच्या कातडीच्या कणभर तुकड्यातून श्वेताने त्या वाढवल्या होत्या.

रमजानच्या तोंडावर नूरैन गेली.

ईद झाल्यावर तिची आई हाफिजा लॅबमध्ये आली. हाफिजाच्या वडिलांचं दुकान जुन्या बाजारात होतं, तिथल्या भारतीय गिऱ्हाइकांकडून ती हिंदी शिकली होती.

"तिचं जे काही तुमच्याकडे आहे ते परत द्या," ती म्हणाली. "तिच्याजवळ पुरायचंय. थोडी तिथं, थोडी इथं, असं नको."

"तुमचा हक्क आहे, आपा," श्वेता म्हणाली. "आजच देते. पण त्याआधी एकदा बघाल?"

हाफिजाने होकारार्थी मान हलवली. मायक्रोस्कोपच्या पडद्यावर फिकट, लांबट पेशी पसरल्या होत्या. थेंब त्यांना चिकटत होते, हळूहळू आत ओढले जात होते. मग ते विरघळायचे आणि हिरवा रंग आतभर पसरायचा.

"हे हिरवं काय?"

"तिच्याकडे जे नव्हतं ते. आता आत पोचतंय. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा जमलं."

"गेल्या आठवड्यात," हाफिजा म्हणाली.

श्वेताने मान खाली घातली.

"या जिवंत आहेत?"

"हो."

"दुखतं त्यांना?"

"नाही, आपा."

हाफिजा ओढणी तोंडावर दाबून बसून राहिली. श्वेताने पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

मग हाफिजाने विचारलं, "याने दुसऱ्या कुणाचं मूल वाचेल?"

हो म्हणणं सोपं होतं. "माहीत नाही," श्वेता म्हणाली. "अजून फार वर्षं लागतील. कदाचित जमणारही नाही."

हाफिजाने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग असू द्या. काम करा. पण फेकू नका. खलास झालं की मला फोन करा, मी न्यायला येईन."

"तुमच्याच हातात देईन."

ती गेल्यावर श्वेताने थेंबांची पुढची मात्रा हातात घेतली. पेशींच्या डबीवर 'फेकू नये' असं लिहिलं आणि ती कामाला लागली.